वानवळ्याचा वाफा

पहिल्या वर्षी आम्ही जी पिशवी घेऊन गेलो तिच्यात तीन वांगी, ओंजळभर भेंडी, एक दुधी, मेथीच्या दोन जुड्या आणि कढीपत्त्याची डहाळी होती. इंदुरातील ज्या अन्नक्षेत्रात ती दिली तेथे रोज दोनशेच्या आसपास माणसे जेवत असत, आणि त्यांतील बरीचशी निमाड-झाबुआकडून रुग्णाला घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात आलेली, पैसे औषधांत संपलेली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या महाराजांनी पिशवीत डोकावून पाहिले आणि हसून म्हटले, "आंटीजी, ये तो चखने भर का हुआ." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, फक्त हिशेब होता, आणि तो हिशेब आम्ही बी पेरण्याआधी करायला हवा होता.

वानवळा देण्याची रीत आपल्याला नवी नाही. परसात दोडक्याचा वेल बहरला की चार दोडके शेजारी जातात. मात्र वानवळा ओळखीच्या घरी जातो, तो एका कुटुंबाच्या एका वेळच्या भाजीपुरता असतो आणि तो उरलेल्यातून दिला जातो. भुकेल्या माणसांसाठी रांधणाऱ्या स्वयंपाकघराला उरलेले देऊन भागत नाही, कारण तेथे कढई मोठी असते, वार ठरलेले असतात आणि निवडायला हात कमी असतात. म्हणून देण्यासाठी लावायचे असेल तर त्या कढईपासून उलटे मागे यावे: कढईत काय आणि किती लागते, ते कोणत्या दिवशी लागते, त्यासाठी वाफा केवढा हवा आणि त्या वाफ्यात बी कधी पडले पाहिजे. अलास्कातील अँकोरेज शहरात 1995 साली बागकामावर स्तंभ लिहिणाऱ्या एका लेखकाने आपल्या वाचकांना, शहरातील अन्नछत्रासाठी बागेत एक ओळ जास्तीची लावा, असे आवाहन केले होते आणि पुढे ती प्रथा अमेरिकेत पसरली. त्यातील मर्म हेच आहे की ती ओळ पेरतानाच दुसऱ्याची असते.

तेव्हा पहिले काम कुदळीचे नसून चौकशीचे आहे. ज्या ठिकाणी द्यायचे तेथे दुपारच्या पंगती उठल्यावर, महाराज जरा टेकलेले असताना जावे आणि विचारावे की कोणती भाजी चालते, कोणती चालत नाही, आठवड्यातून कोणत्या दिवशी तुटवडा पडतो आणि सकाळी किती वाजेपर्यंत पोचली तर ती त्याच दिवशी शिजते. इंदुरात याची उत्तरे जागेगणिक बदलतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बहुतेक भाज्या चालतात. मंदिराच्या अन्नक्षेत्रात कांदा-लसूण नसतो. जैन मंडळी चालवीत असलेल्या भोजनशाळेत मुळा, गाजर, बटाटा अशी जमिनीखालची कोणतीही वस्तू जात नाही आणि चातुर्मासात पालेभाजीही जात नाही. म्हणजे श्रावणात उत्साहाने नेलेला दहा किलो मुळा तेथून जसाच्या तसा परत यायचा. आपल्याच घरांतून चातुर्मासात वांगे वर्ज्य असते, हेही वांग्याची रोपे मोजताना लक्षात असू द्यावे. सणांच्या दिवशी आणि पितृपक्षात अशा ठिकाणी दात्यांची रांग लागते, शिधा ठेवायला जागा उरत नाही. खरी टंचाई वैशाख-ज्येष्ठात आणि पुढे पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत, पालेभाजी महाग झाली की, जाणवते. आपला वाफा त्या दिवसांकडे डोळा ठेवून लावला तर त्याची किंमत दुप्पट होते.

आता मापाकडे येऊ. सुकी भाजी असो की रस्सा, माणशी शंभर ग्रॅमच्या आसपास कच्ची भाजी धरावी, म्हणजे शंभर पानांना दहा किलो. चांगल्या पोसलेल्या वाफ्यातून पालक एका कापणीला चौरस मीटरमागे साधारण अर्धा किलो मिळतो आणि मेथी उपटून काढली तर पाऊण किलोपर्यंत जाते. दहा किलो पालकासाठी वीस चौरस मीटर जमीन लागते, हे कागदावर मांडल्यावर आमच्या राजेंद्रनगरातील परसाची मर्यादा आम्हाला कळली. एवढी जागा एका घराजवळ नसते, पण चार-पाच घरांजवळ मिळून असते. म्हणून जवळपासच्या पाच घरांनी मिळून एकच भाजी, एकाच आठवड्यात, प्रत्येकी चार-पाच चौरस मीटरच्या वाफ्यात पेरावी. परसबागेविषयी लिहिणारे बहुतेक जण, बी थोडे थोडे, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे असे सांगतात, आणि घरच्या ताटासाठी तो सल्ला अगदी योग्य आहे. देण्याच्या वाफ्याला तो लागू नाही. येथे सगळा वाफा एकदम पेरावा, एकदम कापावा आणि एकाच फेरीत पोचवावा. पुढच्या पंधरवड्याची भाजी हवी असेल तर दुसरा वाफा धरावा, त्याच वाफ्याचे तुकडे करू नयेत.

माळव्याच्या काळ्या मातीला तिच्या स्वभावाप्रमाणे वागवावे लागते. पावसात ती फुगून चिकट होते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. सपाट जमिनीत पेरलेला पालक जुलैच्या एका मोठ्या सरीनंतर पिवळा पडून बसतो, म्हणून वाफे गादीसारखे उचललेले, 15 ते 20 सेंटीमीटर उंच आणि दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचेल इतकेच, म्हणजे फार तर 120 सेंटीमीटर रुंद असावेत. माती ओली असताना तिच्यात कुदळ घालू नये; त्या वेळी निघालेली ढेकळे वाळल्यावर विटांसारखी होतात. मूठभर माती दाबून बोटाने टोकरावी, ती सुटी झाली तर वाफसा आला असे समजावे आणि कामाला लागावे.

या मातीचा खरा उपाय कुजलेले खत हा आहे, आणि त्यासाठी इंदूरकराने दूर पाहण्याचे कारण नाही. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 मध्ये येथे आले. सध्याच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरात तेव्हा वनस्पती-उद्योग संस्था होती. तेथे आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची जी रीत बसवली ती 1931 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. शहर कचरा वेगळा करण्यासाठी देशात नावाजले जाण्याच्या कितीतरी आधी या गावाचे नाव कचऱ्याशी अशा सन्मानाने जोडले गेले होते, याची मला नेहमी गंमत वाटते. परसापुरती ही रीत अशी करावी. वाळलेला पाला, सोयाबीनचे भुसकट आणि भाजीची देठे यांचा वीतभर थर द्यावा. त्यावर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, शिंपडावा, मूठ-दोन मूठ राख आणि जुनी माती भुरभुरावी आणि असे थर कमरेपर्यंत चढवावेत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा, त्यातून पाणी गळता कामा नये. साधारण दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याच्या सुमारास आणि पुढे दोन महिन्यांनी तो वरखाली करावा. तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते. दर चौरस मीटरला चार-पाच किलो खत वरच्या वीतभर मातीत मिसळले की पालेभाजीला दुसरे काही लागत नाही.

आता लावायचे काय, हे ठरवताना माझा कौल स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी लाल भोपळाच लावावा. त्याला कोणी परसबागेची शोभा म्हणत नाही, पण मोठ्या स्वयंपाकघरासाठी त्याच्यासारखी सोयीची भाजी नाही. निवडायला वेळ लागत नाही, कांदा-लसणाविना रुचकर होतो आणि तो टिकतो, त्यामुळे आपली वेळ चुकली तरी भाजी वाया जात नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे इंदुरात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, खत भरलेल्या आळ्यात तीन-तीन बिया टोकाव्यात आणि उगवल्यावर जोमदार एकच रोप ठेवावे. वेल कुंपणावर किंवा गच्चीच्या जिन्यावर सोडला तर जमीन अडत नाही. भर पावसात मधमाश्या कमी फिरतात आणि मादी फुले गळतात, तेव्हा सकाळी सात-आठच्या आत नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, त्याचा केसर मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावा. मादी फूल ओळखायला सोपे असते, त्याच्या मागे सुपारीएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने आमच्या एका वेलावर एकाऐवजी तीन भोपळे धरले. दुधीची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, तेव्हा तेथे हेच काम दिवेलागणीला करावे.

भोपळा साधारण शंभर ते एकशेवीस दिवसांत तयार होतो. देठ वाळून खरखरीत झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले की बोटभर देठ ठेवून कापावा. देठाला धरून उचलू नये, कारण देठ मोडला तर त्याच जागेपासून सड सुरू होते. आठ-दहा दिवस उन्हात ठेवून नंतर हवेशीर जागी, गवतावर, एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडावेत. ते दोन-तीन महिने सहज राहतात. पाच घरांतील प्रत्येकी दोन वेलांचे उत्पन्न एकत्र केले तर आश्विन-कार्तिकापासून पौषापर्यंत दर पंधरवड्याला अन्नक्षेत्राची एक दिवसाची भाजी निघते.

हिवाळ्याचा हंगाम सर्वांत सुखाचा असतो. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पालक आणि मेथी पेरावी. पालकाचे बी रात्रभर भिजवून, वीत-वीत अंतरावरच्या ओळींत, चौरस मीटरला तीन-चार ग्रॅम पुरते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, पालक तीस-पस्तीस दिवसांत कापणीला येतो. पालक जमिनीपासून दोन बोटे वर कापला तर तो तीन-चार वेळा फुटतो, आणि प्रत्येक कापणीनंतर शेणकाल्याचे पातळ पाणी दिले तर पानांची रुंदी कमी होत नाही. जानेवारीत एखाद्या रात्री थंडीने पानांवर दव गोठण्याची भीती वाटली तर संध्याकाळी वाफ्याला हलके पाणी द्यावे. फेब्रुवारीत गवार, दुधी आणि तांदुळजा पेरावा. तांदुळजा उन्हाला डगमगत नाही आणि चार आठवड्यांत तयार होतो, म्हणून टंचाईच्या वैशाखात तोच उपयोगी पडतो. भेंडीविषयी मात्र माझे मत फारसे चांगले नाही. ती एक दिवसाआड तोडावी लागते, प्रत्येक तोड्यात थोडीच निघते आणि दोन दिवस राहून गेली की जून होते. टोक मोडून पाहावे. कट् आवाज होऊन तुटले तर द्यावी, वाकले तर ती बियाण्यासाठी ठेवावी.

दुधी देणाऱ्याने एक गोष्ट कधीही विसरू नये. दुधीच्या एखाद्या वेलाला कडू फळ येते, आणि तो कडूपणा ज्या द्रव्यांचा असतो ती विषारी असतात. त्यांनी उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव होतो आणि माणूस दगावूही शकतो. शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत. उन्हात तहानलेल्या वेलावर आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलावर ही शक्यता अधिक असते. म्हणून खात्रीच्या बियाण्याचाच वेल लावावा, आपोआप उगवलेल्या वेलाची फळे देऊ नयेत आणि पाठवणीच्या सकाळी प्रत्येक दुधीच्या देठाकडची नखाएवढी चकती कापून जिभेच्या टोकाला लावावी. कडू लागली तर थुंकून टाकावी, चूळ भरावी आणि त्या वेलाची सगळी फळे खड्ड्यात घालावी. चकती कापलेला दुधी त्याच दिवशी शिजला पाहिजे, हे महाराजांना सांगून ठेवावे. काकडी आणि दोडका यांनाही हाच नियम लावावा. घरच्या पातेल्यात कडू फोड लगेच ध्यानात येते, दोनशे माणसांच्या कढईत ती मसाल्याखाली दडते, आणि भुकेला माणूस वाढलेले टाकत नाही.

पाण्याबाबत काटकसर करावी लागते. आमच्याकडे नळाला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि ते नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून आणलेले असते, तेव्हा ते मातीच्या वरच्या थरातून वाफ होऊन जाऊ देणे बरे नाही. वाफ्यावर भुसकट किंवा वाळक्या पाल्याचे दोन-तीन बोटे जाड आच्छादन घातले तर पाणी निम्म्याने कमी लागते असा आमचा अनुभव आहे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे चालत नाही आणि नाल्याचे तर पालेभाजीच्या जवळही आणू नये.

किडीसाठी रासायनिक फवारा टाळावा. आपल्या घरी आपण भाजी चार वेळा धुतो, मोठ्या स्वयंपाकघरात ती एकदाच धुतली जाते. मावा आणि तुडतुडे दिसले तर 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. वेलवर्गीय भाज्यांवर फळमाशी येते, तिच्यासाठी गंधाचा सापळा टांगावा आणि डंख मारलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. ती ढिगावर टाकली तर माशीची पुढची पिढी आपणच पोसतो.

कापणी उजाडताच करावी, पाने दवाने ताठ असतात तेव्हा. पालेभाजी धुऊ नये, ओल्या पानांची पोत्यात वाफ धरते आणि दहा वाजेपर्यंत मधला भाग काळा पडतो. मुळांची माती झटकून, पिवळी पाने काढून, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जुड्या केळीच्या सोपटाने किंवा सुतळीने सैल बांधाव्यात आणि ओलसर सुती कापडात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड बांधून नेलेली मेथी मी एकदा उघडली तेव्हा हाताला चटका बसावा इतकी तापलेली होती. निवडून देण्याचा वेळ आपल्याजवळ असतो, महाराजांजवळ नसतो. म्हणून मेथी शक्य तेवढी घरीच निवडावी. पाच घरांतून कोणी सकाळी सातला दारात काटा लावून वजन घ्यावे आणि ते वहीत उतरवावे, कारण पुढच्या वर्षी वाफा किती धरायचा हे ती वहीच सांगते. आमच्या वहीत पहिल्या हिवाळ्यातील पालकाची पहिली कापणी नऊ किलो आणि दुसरी सात किलो लिहिलेली आहे, आणि दोन्हींच्या मधल्या पंधरवड्यात शेणकाला द्यायचा राहिला, असे पेन्सिलीने समासात लिहिलेले आहे.

जे आपण आपल्या पानात वाढणार नाही ते त्या पोत्यात घालू नये. किडलेले, जून झालेले, मार लागलेले गायीला किंवा ढिगावर जावे. पोचवायला एकानेच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला जावे. भाजी कमी निघाली असेल तर आदल्या संध्याकाळीच फोन करून किलोचा आकडा सांगावा, म्हणजे महाराज त्याप्रमाणे बटाटे वाढवतात. जेवणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, भाजीचे काढायचे असतील तर दारातच काढावेत. निघताना मागच्या वेळची रिकामी पोती आणि कापडे आठवणीने मागून घ्यावीत, नाहीतर पुढच्या गुरुवारी पहाटे पालक कापून झाल्यावर तो गुंडाळायला घरात काही सापडत नाही.